खेळ शिकवावा लागतो

शाळेच्या वेळापत्रकातून शारीरिक शिक्षणाचा तास काढून टाकावा, असं एका शिक्षणतज्ज्ञांनी नुकतंच एका परिसंवादात मांडलं आणि समोर बसलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. तज्ज्ञांपेक्षा मला त्या टाळ्यांचा राग जास्त आला. तज्ज्ञांची मुलं मोठी झाली आहेत; टाळ्या वाजवणाऱ्यांची अजून तिसरी-चौथीत आहेत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मूल जात्याच खेळकर असतं. त्याला पळायला, उड्या मारायला कुणी शिकवावं लागत नाही. ज्याच्या अंगात खेळ आहे तो संध्याकाळी अकादमीत जातोच. बाकीच्यांसाठी पी.टी.चा तास म्हणजे धुळीत घालवलेली अर्ध्या तासाची मजा. सर एक बॉल फेकून देतात आणि झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. आठवड्याचे तीन तास, वर्षाचे शंभर, दहा वर्षांचे हजार. हे हजार तास गणित, इंग्रजी आणि कोडिंगला दिले तर मुलं कुठल्या कुठे जातील. हजाराचा आकडा ऐकून सभागृहात हळहळ व्यक्त झाली.

झाडाखालच्या खुर्चीचं आधी मान्य करतो. अशा खुर्च्या आहेत. मी नोकरीभर मैदानावर उभा राहिलो, त्यामुळे त्या मला तज्ज्ञांपेक्षा जास्त ठाऊक आहेत आणि त्यांची लाजही मलाच जास्त वाटते. पण गणिताचे सर वर्गात मोबाइल बघत बसले तर गणित बंद करा असं कुणी म्हणत नाही, सर बदला म्हणतात. हाच न्याय मैदानाला लावा.

अकादमीबद्दल एवढंच सांगतो की अकादमी फी घेते आणि निवडून घेते. जे मूल आधीच चपळ आहे ते तिला हवं असतं. शाळेला तसं करता येत नाही. पटावरचं जाड मूल, दम लागणारं मूल, चष्मा फुटेल म्हणून कोपऱ्यात उभं राहणारं मूल, ही सगळी तिचीच. त्यांना शाळेने शिकवलं नाही तर दुसरं कुणीही शिकवणार नाही.

आता त्यांच्या पहिल्या वाक्याकडे येतो, कारण बाकीची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. मूल आपोआप खेळतं, मग शिकवायचं काय? हे वाक्य मी शाळातपासणीला आलेल्या साहेबांकडून ऐकलं आहे, संस्थाचालकांकडून ऐकलं आहे, स्टाफरूममध्ये चहा पिताना सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे. ते साफ चुकीचं आहे. मूल घरात आपोआप मराठी बोलायला लागतं, तरी आपण त्याला दहा वर्षं मराठी शिकवतोच ना?

तिसरीच्या कुठल्याही वर्गाला मैदानावर न्या आणि प्रत्येकाला टेनिसचा बॉल जोरात फेकायला सांगा. निम्म्याहून अधिक मुलं समोर तोंड करून उभी राहतील. ज्या हातात बॉल आहे त्याच बाजूचा पाय पुढे टाकतील, कोपर बरगडीला चिकटवून नुसत्या मनगटाने बॉल ढकलतील आणि तो चार पावलांवर पडेल. मुलगी असेल तर कुणीतरी हसून म्हणेल, ‘पोरीसारखा टाकते.’ ती पोरीसारखा टाकत नाही, न शिकवलेल्या माणसासारखा टाकते. उजव्या हाताच्या पुरुषाने डाव्या हाताने फेकून बघावं, तोही तसाच टाकेल.

हे दुरुस्त करता येतं. जमिनीवर फक्कीने दोन पावलं काढायची, एक मागे, एक पुढे. मुलीला भिंतीच्या आडवं उभं करायचं, डावा खांदा भिंतीकडे. बॉलचा हात कानामागे, कोपर खांद्याच्या उंचीला. मग डावा पाय पुढच्या खुणेवर टाकायचा, आधी कंबर वळते, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात सुटतो. नेमाचं नाव काढायचं नाही. नेम सांगितला की मूल पुन्हा आखडतं आणि ढकलायला लागतं. ‘भिंत फोड’ एवढंच सांगायचं. काही आठवड्यांत बॉल भिंतीवर आदळून परत येतो, आणि त्या दिवसापासून ती मुलगी मधल्या सुट्टीत मुलांच्या खेळात घुसते. ती आधी घुसत नव्हती याचं कारण लाजाळूपणा नव्हतं. तिला फेकता येत नव्हतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रत्येक इयत्तेला असं काहीतरी आहे जे त्याच वयात शिकवावं लागतं. पहिली-दुसरीला धावता धावता थांबणं, दिशा बदलणं, उडीवरून गुडघे वाकवून उतरणं. लंगडी दोन्ही पायांवर घालता आली पाहिजे. बहुतेक मुलं एकाच पायावर घालतात आणि दुसऱ्या पायावर तीन उड्यांत कोसळतात, हे बघायला कुणी बसलेलं नसतं. तिसरी ते पाचवी हा कौशल्यं पक्की करण्याचा काळ: फेक, झेल, दोरीच्या उड्या, कोलांटी, मल्लखांबाची पहिली पकड. खो-खोत खांबाला वळसा कसा घ्यायचा हे याच वयात अंगात बसतं. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक याच कामासाठी आहे. ते किती शाळांत उघडलं जातं, हे तज्ज्ञांनी विचारायला हवं होतं.

सहावी ते आठवीत गणित बदलतं. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते, मग मुलांची. हातपाय आधी लांबतात, तोल मागून येतो. काल सहज झेल घेणारा मुलगा आज बॉल सोडतो आणि सगळे त्याला धांदरट म्हणतात. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं अशी तक्रार घेऊन या वयातली मुलं येतात. वाढत्या हाडावर मांडीच्या स्नायूंचा ताण पडतो म्हणून ते दुखतं. जाणकार शिक्षक अशा मुलाच्या उड्या कमी करतो आणि त्याला दुसरं काम देतो. न जाणणारा ‘नाटकं करू नकोस’ म्हणतो, आणि मुलगा कायमचा मैदान सोडतो. याच सुमारास, उंचीच्या उसळीच्या आगेमागे, दोनेक वर्षांत प्रौढ वयातल्या हाडांच्या साठ्यापैकी जवळपास पाव हिस्सा शरीरात जमा होतो. उड्या, धावणं, वजन उचलणं यांचा हाडांना सगळ्यात जास्त उपयोग याच वर्षांत. आणि नेमक्या याच वर्षांत आपल्या मुली मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसतात. पाळी सुरू झालेली असते, शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नसते, गणवेशाची ओढणी सावरत धावता येत नाही. यातलं काय आपोआप सुटणार आहे?

नववी-दहावीला तर तास वेळापत्रकावर राहतो आणि मैदानावरून जातो. दिवाळीनंतर विज्ञानाचा पोर्शन राहिलेला असतो, पी.टी.चा तास ‘घेतला’ जातो. खरं तर या वयात मुलाला स्वतःच्या शरीराचा कारभार हाती द्यायचा असतो: नाडी कशी मोजायची, व्यायामाआधी अंग कसं गरम करायचं, पाठ न दुखवता वजन कसं उचलायचं, शाळा सुटल्यावर एकट्याने काय करायचं. हे न शिकता आपली मुलं बारावी होतात आणि तिशीत कंबरदुखी घेऊन डॉक्टरकडे जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी 2016 सालापर्यंतची जगभरची आकडेवारी तपासली, तेव्हा 11 ते 17 वयातली 81 टक्के मुलं एवढीही हलत नव्हती. मूल आपोआप खेळतं म्हणणाऱ्याने या आकड्याचं उत्तर द्यावं.

हजार तास गणिताला दिल्याने गणित सुधारतं का? कॅनडातल्या त्र्वा-रिव्हिएर इथे 1970च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अभ्यासाच्या वेळातून 13-14 टक्के वेळ काढून रोज एक तास शारीरिक शिक्षणाला दिला. ती मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज 40 मिनिटं जास्त उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी 30.4 टक्के मुलांना लांबचं दिसेनासं झालं, नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत 39.5 टक्क्यांना. फळा दिसण्यासाठीसुद्धा मैदान लागतं.

आमच्या बाजूच्या लोकांचीही एक गोष्ट मला पटत नाही. तास वाचवायचा म्हटलं की ते ऑलिंपिककडे धावतात. खाशाबा जाधवांनी 1952ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं ते 72 वर्षांनी, स्वप्निल कुसाळेला पॅरिसमध्ये. म्हणून तास वाढवा, असा त्यांचा युक्तिवाद. खाशाबांबद्दलचा आदर मनात ठेवून सांगतो, पदक हे शाळेच्या मैदानाचं काम नाही. पदकाच्या नावाने तास मागितला की समोरचा लगेच अकादमीकडे बोट दाखवतो, आणि आपण आपल्याच हाताने वाद हरतो. क्रीडागुणांचंही तेच. दहावी-बारावीला त्यांनी मूठभर खेळाडूंचं भलं केलं, पण उरलेल्या वर्गाला मैदान आपलं नाही असंच वाटत राहिलं.

तसाच दुसरा जुना वाद कवायतीचा. कवायत हवी की खेळ, सूर्यनमस्कार हवेत की फुटबॉल, यावर आमच्या क्षेत्रातली चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. खेळवाल्यांना कवायत म्हणजे पलटण वाटायची, कवायतवाल्यांना खेळ म्हणजे गोंधळ. मी दोन्ही शिकवलं. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, ती शिस्त आणि खेळ एकाच अंगात मुरलेल्या तरुणांनीच. हा वाद मिटला असता तर आज तास काढून टाका म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. आम्ही आपापसात भांडत बसलो आणि मैदानं लग्नाच्या मांडवांना भाड्याने गेली. मी होतो त्या एका शाळेत लग्नसराईनंतर पहिला तास मांडवाचे खिळे वेचण्यात जायचा.

मग करायचं काय? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे. पहिली ते पाचवीसाठी कुणीही नाही. म्हणजे ज्या वयात फेक, झेल आणि तोल शिकवायचा, त्याच वयाला कायद्याने शिक्षक दिलेला नाही. हे आधी बदला. प्रत्येक शाळेला परवडत नसेल तर केंद्रातल्या चार-पाच शाळांत फिरणारा एक बी.पी.एड. शिक्षक द्या. इयत्तावार काय यायला हवं याची एका पानाची यादी शाळेच्या फलकावर लावा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी लावा आणि त्यांना ट्रॅक पँट घालू द्या. दहावीचा तास कुठल्याही विषयाला उसना मिळणार नाही, असं मुख्याध्यापकांनी लेखी द्यावं.

टाळ्या वाजवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका घेऊन झाली की वर्गशिक्षकांना विचारा, माझ्या मुलीला शारीरिक शिक्षण कोण शिकवतं आणि गेल्या महिन्यात तिला काय शिकवलं? उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.