खरेदी कुणाची, मालकी कुणाची?

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली विक्रीस आणलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून निकालात काढला. एकट्याने खेळावयाचे झाले तरी सर्व्हरची जोडणी अनिवार्य होती. त्यामुळे रोख पैसे मोजून घेतलेली तबकडीही निरुपयोगी ठरली. आपण वस्तू नव्हे, वापराचा परवाना विकतो, हा कंपन्यांचा युक्तिवाद कायद्यात बसेलही. परंतु विकताना 'खरेदी' आणि तक्रार येताच 'परवाना', ही भाषा दुटप्पी आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून हा भेद ग्राहकास आधीच सांगण्याचे बंधन घातले. तेवढ्याने भागणार नाही. सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, असे खेळाडूही म्हणत नाहीत. सेवा थांबविताना गेम खेळण्याजोगा ठेवावा, एवढीच त्यांची मागणी आहे. ती अवाजवी कशी म्हणावी?