'आधी', 'नंतर' आणि मधला गाळलेला मजकूर

जुन्या घरांच्या जीर्णोद्धाराचा व्यवसाय करणाऱ्यांना हल्ली सर्वत्र एकच सल्ला मिळतो : साध्या, छोट्या चित्रफिती काढा. भारी कॅमेरा नको, पटकथा नको, हातातला मोबाइल पुरे. पोपडे निघालेली भिंत दाखवा, क्षणार्धात दृश्य बदला आणि तीच भिंत झळाळताना दाखवा. अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक पटले पाहिजे. या सल्ल्याचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. उत्तरार्ध मात्र घातक वाटतो. गवंडी-सुतारांच्या या प्रांतात साहित्याच्या अभ्यासकाने का शिरावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. हा प्रश्न मुळात कथनाचा आहे. गोष्टीतला कोणता भाग सांगायचा आणि कोणता गाळायचा, याचा निर्णय येथे होतो आणि त्या निर्णयाची किंमत घरांना मोजावी लागते.

'आधी' आणि 'नंतर' या दोन चित्रांमध्ये काय गळते ते पाहू. पुण्यातला एखादा जुना वाडा घ्या. दगडी जोते, सागवानी खांब-तुळया, विटांच्या भिंती आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. हा चुना घाईचा पदार्थ नव्हे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरत ठेवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा. कुठे त्यात गूळ, हिरडा वा बेलफळाचा गर घालायचा. लावल्यानंतरही तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश, महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. या सावकाशपणातच त्याचा गुण आहे. भिंतीतली ओल तो बाहेर जाऊ देतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार साचतात, लोणा लागतो आणि मऊ जुन्या विटा आतल्या आत भुगा होऊ लागतात. परंतु काम संपल्याच्या दिवशी सिमेंटची भिंत कशी दिसते? गुळगुळीत, सरळ आणि डोळे निववणारी! अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत ती चुन्याच्या भिंतीला सहज हरवते. जो कारागीर योग्य काम करतो तो या स्पर्धेत मागे पडतो आणि जो घराला इजा करतो त्याच्याकडे रांग लागते. आक्षेप नेमका येथे आहे. ही जाहिरात सरळसरळ खोटे बोलत नाही, पण सत्य कळण्यापूर्वीच ती कॅमेरा बंद करते.

दुसरा प्रकार खरवडण्याचा. जुना गिलावा तासून खालची वीट किंवा जांभा उघडा करणे पडद्यावर मोठे समाधानकारक दिसते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा असतो, तो केवळ शोभेसाठी नव्हे; सच्छिद्र दगडाला पावसाच्या माऱ्यापासून सांभाळणारे ते कवच असते. ते काढून घराला 'मूळ रूप' दिल्याचा दावा करणे म्हणजे अंगरखा फाडून माणसाचे खरे रूप दाखवल्याचा दावा करण्यासारखे आहे. हा वाद नवा नाही आणि तो साहित्याच्या वर्गाला परका तर मुळीच नाही. रस्किनने 1849 मध्ये अशा जीर्णोद्धाराला विनाशाचाच एक प्रकार ठरवले. कवी विल्यम मॉरिसने 1877 मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा तिचा रोखच या खरवडण्याविरुद्ध होता. मॉरिस नुसता कवी नव्हता. घरसजावटीच्या वस्तू विकणारी पेढी तो चालवत होता. जीर्णोद्धार चाललेल्या जुन्या चर्चना नव्या रंगीत काचा पुरवणार नाही, असे या पेढीने जाहीर केले. आपण कोणते काम करणार नाही हे सांगणे, ही धंद्याची किती प्रभावी ओळख असू शकते!

आता आपल्याच मंडळींकडे वळू. 'जाहिरात म्हणजे जाहिरातच, तिची कसली समीक्षा?' असे म्हणून नाक मुरडणारे प्राध्यापक आपल्यात विपुल आहेत. त्यांना दादासाहेब फाळक्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. 1912 मध्ये चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतले. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती मिनिटभराची फीत पाहून कर्ज देणारे पुढे आले. ही साधी चित्रफीतच होती आणि ती उघडउघड धंद्यासाठी होती. पण फाळक्यांनी बी दाखवून एकदम वेल दाखवला नाही. त्यांनी काळ आक्रसला, गाळला नाही. पुढे 1917 मध्ये चित्रपट कसा तयार होतो हेही त्यांनी पडद्यावर दाखवले. कारखान्याचे दार उघडल्याने मालाची किंमत उतरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा दोष संक्षेपाचा नाही. लघुकथाही संक्षेप करते, परंतु ती कार्यकारणभाव गिळून टाकत नाही.

कुणी म्हणेल, प्रेक्षकाला धीर नाही आणि छोट्या व्यावसायिकाला आदर्शवाद परवडत नाही. प्रेक्षकाचा धीर संपला, हे गृहीतक वाचकाला कठीण काही नको, असे म्हणणाऱ्या प्रकाशकाच्या गृहीतकाइतकेच सोयीचे आहे. शिवाय जीर्णोद्धाराचे गिऱ्हाईक साबण विकत घेत नसते. ते आपले घर कित्येक महिने परक्या हातांत सोपवणार असते. त्याला झळाळीपेक्षा भरवसा हवा असतो. तो कसा निर्माण होईल? गवंडी भिंतीवर बोटांनी टिचकी मारतो आणि गिलावा कुठे सुटला आहे ते पोकळ आवाजावरून सांगतो, हे एका सलग दृश्यात दाखवा. सुतार खांबाचा कुजलेला तळ तेवढाच कापून तिथे नवे लाकूड सांधतो, तो सांधा दाखवा. खर्च कशावर झाला ते सांगा. बोलणारा आवाज कामगाराचा असू द्या. आजच्या झगमगाटात हात, अवजारे आणि शब्द तिन्ही गायब आहेत. भिंती जणू स्वतःच उजळतात. ज्यांच्या कसबावर हा धंदा उभा आहे, त्यांनाच त्याच्या जाहिरातीतून वगळणे हा केवळ सौंदर्यदृष्टीचा दोष नव्हे, तो अन्याय आहे.

आपल्या भाषेने हे पूर्वीच ओळखले होते. 'जीर्णोद्धार' या भारदस्त शब्दाशेजारी मराठीत 'डागडुजी' आहे, 'शाकारणी' आहे. शाकारणी एकदा करून संपत नाही. मृगापूर्वी दरवर्षी छपरावर चढावे लागते, फुटकी कौले बदलावी लागतात. घराच्या गोष्टीला 'नंतर' असा अंतिम मुक्कामच नसतो. म्हणून या व्यवसायातल्या मंडळींना माझे सांगणे एवढेच, की चित्रफिती जरूर काढा, साध्याच काढा. मात्र शेवटचे दृश्य उद्घाटनाच्या दिवशी घेऊ नका. एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. मग त्याच भिंतीसमोर उभे राहून कॅमेरा सुरू करा. भिंत कोरडी असेल तर तिच्याइतकी चोख जाहिरात दुसरी नाही. आणि ओली असेल, तर ते पाहण्याचा पहिला हक्क गिऱ्हाइकाचा आहे.