मुलांपासून मृत्यू लपवू नये

घरातील वृद्ध माणूस निवर्तले की मुलांना शेजाऱ्यांच्या हवाली करावे आणि ती परतल्यावर आजोबा गावाला गेले असे सांगून वेळ मारून न्यावी, हा आपल्याकडील रिवाज ममतेतून आलेला असला, तरी कोपऱ्यातली काठी न घेता आजोबा गेले कसे, हा प्रश्न ज्याला पडतो ते मूल त्याने आपल्या दुःखात एकटे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील बालकांच्या दूरचित्रवाणीचा दाखला मला फार मोलाचा वाटतो.

‘सेसमी स्ट्रीट’ या १९६९ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात हूपर या दुकानदाराची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले, तेव्हा दुसरा नट आणावा किंवा हूपर परगावी राहावयास गेले असे सांगावे, हे सोयीचे मार्ग निर्मात्यांना मोकळे होते. परंतु ते अव्हेरून, मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन, त्यांनी २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, आईबाप घरी असतील अशा सणाच्या सुटीदिवशी, सत्य सांगणारा भाग प्रक्षेपित केला. त्यात बिग बर्ड हा अवाढव्य, परंतु वृत्तीने सहा वर्षांच्या मुलासारखा असलेला पिवळा पक्षी स्वहस्ते काढलेली चित्रे सर्वांना वाटतो आणि हूपर यांचे चित्र ते परत आल्यावर देईन म्हणतो. मेलेली माणसे परत येत नाहीत, हे मोठी माणसे त्याला सांगतात. मग माझ्यासाठी मिल्कशेक कोण करणार, गोष्टी कोण सांगणार, असे तो विचारतो. आम्ही ते करू, असे आश्वासन त्याला मिळते, पण पूर्वीसारखे काही राहणार नाही ही त्याची तक्रार कोणी खोडून काढीत नाही, आणि असे का व्हावे या त्याच्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नाही, हेही कोणी झाकीत नाही. प्रौढांच्या डोळ्यांत पाणी असूनही मुलाचा हात न सोडणारी ही प्रामाणिकता मला सर्व उपदेशाहून श्रेष्ठ वाटते.

तत्पूर्वी, १९७० साली, दूरचित्रवाणीवर मुलांसाठी स्वतःचा कार्यक्रम करणारे पिट्सबर्गचे फ्रेड रॉजर्स, जे दीक्षित पाद्री असूनही आपल्या कार्यक्रमात धर्मोपदेश करीत नसत, त्यांनी हौदातला मेलेला मासा मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिला, तो जगला नाही तेव्हा अंगणात पुरला, आणि बालपणी आपली मिट्झी नावाची कुत्री मेली तेव्हा आपण रडलो होतो, हे कॅमेऱ्याकडे पाहत, कसलीही घाई न करता, मुलांना सांगितले.