विश्लेषण : हॉटेलच्या आवारातून रात्रीत गाडी गेली, तर भरपाई कोण देणार?

सलग सुट्ट्या आल्या की मुंबई, पुणे, नाशिकहून कोकण, महाबळेश्वर आणि गोव्याकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. खोलीचे आरक्षण महिनाभर आधी झालेले असते. रात्री गाडी कुठे उभी राहणार हा प्रश्न मात्र बहुतेकांना हॉटेलच्या दारात पोहोचल्यावरच पडतो. आवार अरुंद, गाड्या एकामागे एक लावलेल्या. मग रखवालदार हात पुढे करतो, ‘चावी ठेवून जा साहेब, सकाळी मागची गाडी काढायला लागेल.’ हप्ते फेडून, जीव लावून सांभाळलेल्या गाडीची चावी अशी अनोळखी माणसाच्या हाती जाते. त्या क्षणापासून गाडीची जबाबदारी कुणाची, पाटीवरच्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या शब्दांना किती अर्थ आहे, आणि सकाळी गाडी जागेवर नसेल तर विमा कंपनी काय म्हणेल?

सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले प्रकरण काय होते?

या विषयावरचा सर्वात महत्त्वाचा निकाल दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात 14 नोव्हेंबर 2019 रोजी लागला. घटना मात्र 1 ऑगस्ट 1998 च्या रात्रीची. एक ग्राहक रात्री 11 च्या सुमारास मारुती झेन घेऊन हॉटेलमध्ये आला. त्याने चावी व्हॅले कर्मचाऱ्याकडे दिली आणि पावती घेतली. रात्री एकला बाहेर आल्यावर त्याला कळले, की गाडी दुसरेच कुणी घेऊन गेले आहे. तीन तरुण आपल्या गाडीतून हॉटेलमध्ये आले होते. निघताना त्यांनी आपली गाडी मागवली आणि त्या गडबडीत त्यांच्यापैकी एकाने टेबलावर ठेवलेली झेनची चावी उचलली. ना काच फुटली, ना कुलूप तुटले.

विमा कंपनीने मालकाला 2 लाख 80 हजार रुपये दिले. त्यानंतर मालक आणि विमा कंपनी यांनी मिळून हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली. हॉटेलने पावतीवरच्या अटीकडे बोट दाखवले. वाहन पाहुण्याच्या जोखमीवर उभे केले आहे, चोरी वा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही, असे तिथे छापलेले होते. न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने हॉटेलचे अपील फेटाळले. चोरीपासून अंतिम निकालापर्यंत 21 वर्षे गेली. एवढा काळ लढण्याची ताकद विमा कंपनीत होती. एकट्या गाडीमालकात ती असती का, हा प्रश्न उरतोच.

मग ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ या पाटीला अर्थच नाही का?

अर्थ आहे, पण हॉटेलचालक समजतात तेवढा नाही. चावीसह गाडी सांभाळायला देणे हा भारतीय करार कायद्याच्या कलम 148 नुसार ‘निक्षेप’ ठरतो. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घ्यायची आणि काम झाले की परत करायची, असा हा व्यवहार. कलम 151 म्हणते, की अशी वस्तू घेणाऱ्याने तिची काळजी सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घेतली पाहिजे. न्यायालयाचे म्हणणे असे, की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला एखादी अट छापून झटकता येत नाही. गाडी परत देता आली नाही, तर आपण योग्य काळजी घेतली होती हे हॉटेलने सिद्ध करायचे. निष्काळजीपणा कसा झाला, हे ग्राहकाने शोधत बसायचे नाही. व्हॅले सेवेसाठी वेगळे पैसे घेतले नव्हते, हा बचावही टिकला नाही. अशी सोय दिल्याने ग्राहक येतात आणि धंदा वाढतो, म्हणजे ती हॉटेलच्याही फायद्याची असते.

हॉटेलने वाजवी काळजी घेतली होती आणि तरीही त्याच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने नुकसान झाले, हे सिद्ध झाले तर मात्र पावतीवरच्या अटीचा आधार घेता येतो.

चावी आपल्याच खिशात असेल तर?

इथे चित्र बदलते. वरचा निकाल गाडीचा ताबा हॉटेलकडे दिला होता, अशा परिस्थितीतला आहे. पाहुण्याने स्वतः गाडी लावली, कुलूप लावले, चावी घेऊन खोलीत गेला, तर ताबा दिला गेला असे म्हणणे अवघड होते. फाटकावर नोंदवही, गाडी बाहेर सोडण्यासाठी पास, पार्किंगचे शुल्क, कॅमेरे यांपैकी काही असेल तर हॉटेलच्या जबाबदारीचा युक्तिवाद करता येतो, पण तो युक्तिवादच राहतो. म्हणजे विचित्र पेच आहे. चावी दिली तर कायदा पाहुण्याच्या बाजूने अधिक झुकतो, पण गाडी जाण्याची शक्यता वाढते. चावी जवळ ठेवली तर गाडी अधिक सुरक्षित, मात्र गेलीच तर भरपाईची वाट बिकट.

व्यवहारात दुसरा पर्यायच बरा. गाडी मागे-पुढे करायची वेळ आलीच तर खाली येऊन स्वतः करावी. झोपमोड 21 वर्षांच्या खटल्यापेक्षा स्वस्त पडते. चावी द्यावीच लागली तर वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा डॅशबोर्डचाही एक काढावा. कोकणातल्या घरगुती निवासात पावती मागणे संकोचाचे वाटते. तिथे ‘चावी तुमच्याकडे दिली आहे’ एवढा व्हॉट्सअॅप संदेश मालकाला पाठवला तरी पुरावा उरतो. चावी कुठे ठेवणार, हेही विचारावे. दाराशेजारच्या खिळ्यांवर सगळ्या गाड्यांच्या चाव्या टांगलेल्या असतील, तर उत्तर समोरच आहे.

विमा आहे, मग काळजी कशाला?

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीत चोरी येते, पण मिळणारी रक्कम गाडीच्या ‘आयडीव्ही’इतकी, म्हणजे विमा उतरवताना घसारा वजा करून ठरवलेल्या किमतीइतकी असते. हा घसारा सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के धरतात. कंपनीच्या यादीत 12 लाख किंमत असलेली साडेचार वर्षांची गाडी चोरीला गेली, तर हिशेब सहा लाखांच्या आसपास सुरू होतो. गाडी किती निगुतीने ठेवली होती, हे त्या कोष्टकात कुठेच येत नाही. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा महागडी चाके पॉलिसीत वेगळी नोंदवली नसतील, तर त्यांचीही किंमत मिळणे कठीण. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे पूरक संरक्षण घेतले असेल तर पावतीवरच्या किमतीपर्यंत भरपाई मिळू शकते. नव्या गाडीसाठी ते घेण्यासारखे आहे. गाडीतला लॅपटॉप, कॅमेरा, बॅगा मूळ पॉलिसीत येत नाहीत.

याशिवाय प्रत्येक पॉलिसीत वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी मालकाने वाजवी खबरदारी घ्यावी, अशी अट असते. चावी गाडीतच राहिली होती, हे उघड झाले की कंपन्या या अटीवर दावा नाकारतात. चालक पत्ता विचारायला उतरला आणि चावी लावलेला ट्रक चोरीला गेला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये दावा पूर्ण फेटाळणे चुकीचे ठरवले, पण भरपाई 75 टक्केच कायम केली. एका निष्काळजी क्षणाची किंमत पाव रक्कम.

दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. अनेक जण प्रवासात दुसरी चावी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. काच फोडणाऱ्याला ती आयती मिळते आणि दाव्याच्या वेळी मालकाकडे एकच चावी उरते. दुसरी चावी घरी किंवा सोबतच्या माणसाच्या बॅगेत असावी. आरसीची मूळ प्रतही गाडीत ठेवण्याचे कारण नाही, डिजिलॉकरमधली ग्राह्य धरली जाते.

खिशातली चावीही चोरता येते का?

येते, तिला हात न लावता. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची चावी जवळ आली की गाडी तिचा संदेश ओळखते. चोरांपैकी एक जण खोलीच्या दाराजवळ किंवा खिडकीखाली उपकरण घेऊन उभा राहतो, तो संदेश वाढवून गाडीजवळच्या साथीदाराकडे पोहोचवतो. चावी जवळच आहे असे समजून गाडी दार उघडते. तळमजल्यावरच्या खोलीसमोरच गाडी उभी असेल, तर हे काम सोपे होते. यावर उपाय स्वस्त आहे. संदेश अडवणारी धातूच्या अस्तराची पिशवी मिळते. चावी तिच्यात ठेवून गाडीजवळ उभे राहावे, दार उघडले नाही तर पिशवी कामाची. काही गाड्यांत ही सोय सेटिंगमधून बंदही करता येते.

दुसरी पद्धत काच फोडून आत शिरण्याची. स्टिअरिंगखालच्या ‘ओबीडी’ जोडणीला उपकरण लावून कोरी चावी त्या गाडीसाठी तयार केली जाते. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे अशी उपकरणे सापडली आहेत. इथे स्टिअरिंगला किंवा गिअरला लावायचे जुने लोखंडी कुलूप कामी येते. ते कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि बाहेरूनच दिसत असल्याने चोर शेजारच्या गाडीकडे वळण्याची शक्यता अधिक. लपवलेला जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, शोध मात्र सोपा करतो. पुण्याच्या एआरएआयने मान्यता दिलेले चोरीरोधक उपकरण बसवल्यास प्रीमियममध्ये अडीच टक्के, कमाल 500 रुपयांची सवलत मिळू शकते. रक्कम किरकोळ आहे, पण दावा आला की मालकाने खबरदारी घेतली होती, याचा तो पुरावा ठरतो.

मुक्कामाला गाडी लावावी कुठे?

बंद फाटक, उजेड, कॅमेऱ्याच्या टप्प्यातली जागा हे तर आहेच. पण गाडीचे नुकसान चोरच करतात असे नाही. कोकणात माडाखालची सावली दुपारी हवीशी वाटते, रात्री वरून नारळ पडला की टप किंवा काच जाते. पुळणीवर उतरवलेल्या गाड्या भरतीत अडकल्याच्या बातम्या दर मोसमात येतात. महाबळेश्वरला माकडांना खाण्याचा वास आला की वायपर आणि दारांची रबरे शाबूत राहत नाहीत. अशा नुकसानीचा दावा करता येतो, पण त्याने ‘नो क्लेम बोनस’ जातो. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला ही सवलत 50 टक्क्यांपर्यंत मिळते. पाच हजारांच्या पोचेसाठी दावा करणे बहुधा तोट्याचेच.

माथेरानला तर पर्यायच नाही. वर मोटारींना बंदी असल्याने गाडी दस्तुरी नाक्यावर सोडून पुढे जावे लागते आणि दोन-दोन रात्री ती नजरेआड राहते. तिथे लोखंडी कुलूप, रिकामी दिसणारी सीट आणि जपून ठेवलेली पावती एवढेच हाती असते. रस्त्याकडेला बेवारस लावलेल्या गाडीचा आणखी एक धोका आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ विनादेखरेख ठेवलेले वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नुसार उचलून नेता येते. गाडी दिसली नाही की आधी वाहतूक पोलिसांकडे चौकशी करावी, ती यासाठी.

सकाळी गाडी जागेवर नसेल तर?

पहिला फोन 112 ला. त्यानंतर हॉटेलकडे कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी, कारण अनेक ठिकाणी जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. फास्टॅग खात्याचा मोबाइल क्रमांक चालू असेल तर गाडी टोलनाका ओलांडताच संदेश येतो. तो लगेच पोलिसांना द्यावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचे कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. तक्रार ई-माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. उशीर झाला तरी सर्व संपले असे नाही. गुन्हा त्याच दिवशी नोंदवलेल्या, पण कंपनीला 52 दिवसांनी कळवलेल्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात केवळ उशिराच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2020 रोजी स्पष्ट केले. पोलिसांकडे जायला उशीर झाला असेल, तर मात्र या निकालाचा आधार मिळत नाही. गाडी सापडली नाही, तर पोलीस ‘ए समरी’ अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. हा कागद हाती आल्याशिवाय दावा सहसा पुढे सरकत नाही.

हॉटेलविरुद्ध दाद मागायची तर त्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. गाडी गणपतीपुळ्यात गेली असली तरी नाशिककराला नाशिकमध्ये दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, आणि पहिला कागद लागतो तो त्या रात्रीच्या पार्किंगची पावती.