कचेरी जवळ आली, कारभाराचे काय?

छिंदवाड्याच्या अंमलातून पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली वेगळ्या निघून 5 ऑक्टोबर 2023 रोजी त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. या दोन घटनांतील अंतर इतके अल्प होते की जिल्हानिर्मितीमागील हेतूविषयी कोणी मिस्किलपणे हसला तर त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही. हेतू कसाही असो, सोय मोठी झाली हे मान्य केलेच पाहिजे. जाम नदीच्या एका तटावर पांढुर्णा, दुसऱ्या तटावर सावरगाव. ज्या सावरगावकराला जिल्ह्याच्या साहेबापुढे अर्ज गुदरण्यासाठी छिंदवाड्याची वाट धरावी लागे, त्याला आता नदी ओलांडली की पुरे. परंतु कचेरी दाराशी आली म्हणजे कारभार हाती आला, असे समजण्याचा मोह जो आज या मुलखात दिसतो, त्याविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

कारण या भूभागाच्या इतिहासात सीमा पुष्कळ वेळा आखल्या गेल्या आणि ज्यांच्या अंगणातून त्या गेल्या त्यांना क्वचितच विचारले गेले. देवगडच्या गोंड राजांकडून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. तिसरे रघूजी 1853 साली निपुत्रिक वारले तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला. गावचा कारभार मालगुजाराच्या वाड्यावर आणि तालुक्याचा तहसीलदाराच्या दफ्तरात चाले. व्हाइसरॉय रिपनच्या 1882 च्या ठरावाला अनुसरून मध्यप्रांतात 1883 चा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला खरा, पण त्या स्वराज्याची दोरी साहेबाच्याच हाती राहिली.

खरा धाडसी प्रयोग झाला तो स्वातंत्र्यानंतर. प्रांताचे तेव्हाचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या कल्पनेतून निघालेल्या 1948 च्या कायद्याने जिल्हा कौन्सिले मोडीत काढून तहसील हाच स्थानिक स्वराज्याचा घटक ठरवला आणि प्रत्येक तहसिलीला जनपद सभा दिली. पांढुर्णा ज्या तहसिलीत त्या काळी मोडत असे त्या सौसरलाही ती मिळाली. या योजनेत दोष होते, आणि तिच्यावर सरकारी अधिकाऱ्याची छाया होती, ही टीकाही अन्याय्य नव्हती. तरीही शाळा, रस्ते, दवाखाने यांचा विचार जिल्ह्याच्या गावी न होता तहसिलीच्या गावी व्हावा, हे तत्त्व मला आजही विलक्षण शहाणपणाचे वाटते. पुढे 1956 साली राज्यपुनर्रचना झाली. त्यासाठी नेमलेल्या आयोगाने सामान्यतः जिल्हा हाच घटक धरल्यामुळे विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारी सौसर तहसील छिंदवाड्याबरोबर मध्यप्रदेशात राहिली. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, इथली संत्री मात्र नागपूरच्याच बाजारात जात राहिली. साठीच्या दशकात सीमेच्या दोन्ही बाजूंना जनपद सभा विसर्जित झाल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, इकडे जनपद हे नाव आजच्या जनपद पंचायतीत उरले.

लहान गावांच्या हाती कारभार देण्याचा आणि तो काढून घेण्याचा विषय निघाला की मला नॉर्वे देशाची आठवण होते. ज्या 1837 साली नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी इंग्रज रेसिडेंटाच्या सावलीत बसले होते, त्याच वर्षी त्या देशाने कायद्याने गावोगावी निवडून आलेली मंडळे स्थापण्याचा निश्चय केला, आणि कालांतराने समुद्रातल्या लहान लहान बेटांनाही स्वतःच्या नगरपालिका मिळाल्या. उत्सिरा नावाच्या बेटावर आज सुमारे दोनशे माणसे राहतात; 1925 च्या निवडणुकीत तिथल्या मतदारांनी बारांपैकी अकरा जागांवर स्त्रिया निवडून दिल्या आणि ओसा हेल्गेसेन ही सुईण त्या देशातील पहिली स्त्री नगराध्यक्ष झाली. पुढे काटकसरीचे वारे वाहू लागले. 2020 च्या विलीनीकरणात सान्दोय ही बेटांची नगरपालिका हाराम व आणखी दोन शेजाऱ्यांसह ओलेसुन शहरात लुप्त झाली. हारामच्या लोकांनी पुन्हा स्वतंत्र होण्याची मागणी लावून धरली आणि 1 जानेवारी 2024 रोजी ती पदरात पाडून घेतली. सान्दोय ओलेसुनमध्येच राहिले. मोडलेली संस्था पुन्हा उभी करण्याचा हा मार्ग तिथे लोकांना निदान उपलब्ध आहे. सौसरची जनपद सभा गेली तेव्हा कोणी विचारले?

लोकांना वगळून काढलेल्या हुकमाचे काय होते, हे पाहण्यासाठी आम्हांला परदेशी जाण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामेच्या पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही तटांवरचे लोक एकमेकांवर दगड फेकून जी गोटमार करतात, तिच्यात माणसे जखमी होतात, प्रसंगी प्राणासही मुकतात. जमावबंदीचे हुकूम निघतात आणि मोडले जातात, दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा सरकारी उपायही लोकांनी निकालात काढला. या प्रथेचे मी समर्थन करीत नाही. ती थांबलीच पाहिजे. परंतु ती थांबेल तेव्हा पांढुर्णा आणि सावरगाव यांनी एकत्र बसून केलेल्या ठरावाने थांबेल, बंदोबस्ताने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून नव्या जिल्ह्याकडे मागायचे ते निराळेच आहे. ग्रामसभेचा अधिकार 1993 च्या पंचायत राज कायद्याने दिलेलाच आहे; पण ज्या सभेची नोटीस, अंदाजपत्रक आणि ठराव घरात मराठी बोलणाऱ्या म्हातारीला उमजत नाहीत, ती सभा कोरमापुरतीच भरते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तजवीज राज्यघटनेच्या 350 अ या अनुच्छेदात 1956 पासून आहे. तिच्या शेजारी गावच्या कारभाराची भाषाही का असू नये? छिंदवाड्याच्या दफ्तरखान्यात जनपद सभेची जी कागदपत्रे शिल्लक असतील, ती नव्या जिल्ह्याकडे सोपवून लोकांना पाहण्यास खुली करावीत. पंचायतींच्या मागील निवडणुका 2022 साली झाल्या, पुढच्या 2027 मध्ये यावयाच्या आहेत; मत मागण्यास जो उमेदवार सावरगावच्या ओट्यावर येईल, त्याला या दोन गोष्टी मतदारांनी आधी विचाराव्यात.