मोटरवर संशय घेण्याआधी

छोट्या सीएनसी मिलिंग मशीनचा अक्ष अडकला की पहिला संशय मोटरवर जातो. करंट वाढवला जातो, नाहीतर मोठी मोटर मागवली जाते. ही घाई चुकीची आहे. टेबल दर वेळी त्याच ठिकाणी अडत असेल, तर दोष बहुधा टेबल ज्यांवर सरकते त्या रॉडच्या किंवा ते सरकवणाऱ्या स्क्रूच्या जुळणीत असतो. फक्त वेगात असतानाच अडत असेल, तर वेगाची सेटिंग तपासावी, कारण वेग वाढला की स्टेपर मोटरचा जोर घटतो. पहिल्या प्रकारात स्क्रूवरचा नट टेबलापासून सोडवून टेबल हाताने सरकवून पाहावे. ते मोकळे सरकले, तर रॉड ठीक आहेत. मग टेबल स्क्रूच्या बेअरिंगपाशी आणून नट तिथेच आवळावा, म्हणजे तो स्क्रूच्या रेषेत बसतो.

करंट वाढवूनही काम भागते, असे कुणी म्हणेल. भागते, पण घर्षण तसेच राहते, पितळी नट झिजतो आणि मोटर तापते. शिवाय अशा बहुतेक मशीनमध्ये टेबलाची खरी जागा मोजणारी सोयच नसते. ८ मिमी लीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात टेबल ८ मिमी सरकवणाऱ्या, स्क्रूवर मोटरचा अर्धा फेरा हुकला, तर पुढचे सगळे काम ४ मिमीने सरकते आणि कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही.