लेव्ही पोचली अमेरिकेत

ज्वारीची लेव्ही घातलेली माणसे आता गावोगाव थोडीच उरली आहेत. जमिनीच्या हिशेबाने इतके क्विंटल सरकारात भरा, असा हुकूम येई. भाव सरकार ठरवी. बाजारात चार पैसे जास्त मिळत असले तरी तिकडे तोंड करायचे नाही. ही गोष्ट आज नातवंडांना सांगितली तर आजोबा फुगवून सांगतात असे त्यांना वाटते. पण त्या नातवंडांच्या हातात जो मोबाइल आहे, त्याच्याच भाऊबंदांच्या धंद्यात २०२५ साली लेव्ही आली. आणि कुठे, तर खुल्या बाजाराचे धडे साऱ्या जगाला देणाऱ्या अमेरिकेत!

एनव्हिडिया नावाची कंपनी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे ज्या चिपवर चालतात, त्या चिप हिच्याकडच्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांत हिची गणती होते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हिच्या एका चिपची चीनला होणारी विक्री परवान्याशिवाय बंद केली. कारण काय, तर देशाच्या सुरक्षेला धोका. ऑगस्टमध्ये सौदा ठरला की चीनमधल्या विक्रीचे १५ टक्के सरकारला द्या आणि खुशाल विका. डिसेंबरात याहून ताकदवान चिपला परवानगी देण्याचे जाहीर झाले, तिचा दर २५ टक्के. माल जितका धोक्याचा, तितका हिस्सा मोठा. धोका होता म्हणून बंदी होती, हिस्सा ठरला आणि धोका पळाला!

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे गणित नवे नाही. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली आली. तेव्हापासून कैक वर्षे कापसाची गाडी राज्याच्या सीमेवर अडवली जात होती. पलीकडच्या बाजारात भाव जास्त असला तरी कापूस पलीकडे न्यायचा नाही. नाक्यावर हात ओले झाले की तोच कापूस कसा कायदेशीर होतो, हे आपण पाहिलेले आहे. नाके सगळीकडे सारखेच. वॉशिंग्टनच्या नाक्यावर गालिचा आहे, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी की अमेरिकेच्या राज्यघटनेत निर्यातीवर कर लावायला स्पष्ट मनाई आहे. १७८७ साली घटना लिहिली गेली तेव्हा तंबाखू आणि तांदूळ परदेशी विकणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांनी आग्रह धरून ते कलम घालून घेतले. शेतमाल पिकवणाऱ्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी घातलेले कुंपण आयतेच हाताशी होते. पण एवढी बलाढ्य कंपनी कोर्टाची पायरी चढली नाही. मान डोलावून मोकळी झाली.

इंटेलची कथा आणखी मजेची. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याने राजीनामा द्यावा अशी जाहीर मागणी केली. चार दिवसांनी हे मुख्याधिकारी त्यांना भेटायला गेले. २२ ऑगस्टला बातमी आली की कंपनीचा सुमारे १० टक्के हिस्सा सरकारला मिळाला. त्याचे ८.९ अब्ज डॉलर कुठून आले? कारखाने उभारण्यासाठी आधीच्या सरकारने जे अनुदान मंजूर केले होते, त्याचाच न दिलेला भाग शेअरच्या किमतीत वळता केला. अनुदान म्हणून कबूल केलेल्या पैशात सातबाऱ्यावर नाव चढवून घेतले म्हणा ना! राजीनाम्याची भाषा त्यानंतर ऐकू आली नाही.

सोन्याची बैठक

या मंडळींची जुनी भाषणे ज्यांनी वाचली असतील त्यांना हसू आवरणार नाही. सरकार म्हणजे अडथळा, आम्ही गॅरेजात बसून जग बदलले, आम्हाला कोणाची मेहरबानी नको, असे हे लोक सांगत. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांचा शपथविधी झाला. मेटाचे झुकरबर्ग, अॅमेझॉनचे बेझोस, गुगलचे पिचाई, अॅपलचे कुक, टेस्लाचे मस्क अशी सगळी मांदियाळी तिथे मानाच्या जागी उभी होती. समारंभाच्या निधीला मेटा आणि अॅमेझॉन यांनी प्रत्येकी दहा लाख डॉलरची वर्गणी दिली होती. मस्कसाहेबांनी तर २०२४ च्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. जून २०२५ मध्ये दोघांचे बिनसले, तेव्हा मस्कच्या कंपन्यांना मिळणारी सरकारी अनुदाने आणि कंत्राटे बंद करण्याची धमकी खुद्द ट्रम्प यांनी दिली. भांडणात का होईना, खरे बाहेर पडले. सरकार नको म्हणणाऱ्यांच्या घरात सरकारी पैशाचा पाट वाहत होता.

आता ६ ऑगस्ट २०२५ ही तारीख ध्यानात ठेवा. त्या दिवशी अॅपलचे टिम कुक ट्रम्प यांच्या कचेरीत गेले. अमेरिकेत आणखी १०० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले आणि राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर एक भेट ठेवली. काचेची तबकडी आणि तिच्याखाली २४ कॅरट सोन्याची बैठक. त्याच दिवशी भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातकर लावण्याच्या आदेशावर ट्रम्प यांची सही झाली. आधीचे २५ आणि हे २५ मिळून २७ ऑगस्टपासून ५० टक्के झाले.

हा कर कोणाला लागला आणि कोणाला नाही? तिरुपूरच्या बनियनला लागला. पानिपतच्या चादरीला लागला. तमिळनाडूत तयार होऊन अमेरिकेला जाणाऱ्या आयफोनला मात्र लागला नाही. स्मार्टफोन आणि संगणक यांना एप्रिलमध्येच सूट दिलेली होती. देश तोच, बंदर तेच. एका डब्यातल्या मालाला ५० टक्के, शेजारच्या डब्यातल्या मालाला माफी. फोनला सूट का मिळाली याची विद्वान मंडळी दहा कारणे सांगतील. आपण एवढेच पाहावे की सुताला टेबलापर्यंत पोचता येत नाही.

दंड त्यांना, वसुली आमच्याकडून

इथपर्यंतची गोष्ट परक्यांची झाली. पुढची आपल्या वावरातली आहे.

अमेरिकेने कपड्यावर कर लावला, तेव्हा गिरणीवाले दिल्लीत गेले. धंदा बसेल, मजूर घरी बसतील, काही तरी करा, असे म्हणाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण सरकारने केले काय? १८ ऑगस्टला हुकूम काढून कापसावरचा ११ टक्के आयातकर १९ ऑगस्टपासून उठवला. आधी मुदत ३० सप्टेंबर होती. दहा दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे पहिल्या वेचणीपासून नेमका विक्रीचा हंगाम त्यात आला. भारतीय कापूस महामंडळाने लगेच दोन दिवसांत आपल्या विक्रीचा भाव खंडीमागे ११०० रुपयांनी उतरवला. वॉशिंग्टनने दंड केला गिरणीला, आणि दिल्लीने तो वसूल केला पऱ्हाटीकडून.

गिरणी वाचवायची होती तर तिजोरीतून वाचवायची होती. तिजोरीत पैसा नाही असे कोणी सांगू नये. चिपच्या धंद्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोबाइल कारखान्यांना जादा विक्रीवर ४ ते ६ टक्के बक्षिसी देण्याची योजना २०२० साली आली. बाहेरून येणाऱ्या तयार फोनवर २०१८ साली २० टक्के आयातकर होता, २०२४ मध्ये तो १५ टक्के झाला. म्हणजे फोनवाल्याला कुंपणही मिळाले आणि वर बक्षिसीही मिळाली. कापूसवाल्याचे कुंपण मात्र ऐन पिकात काढून घेतले.

मायक्रॉन या अमेरिकी कंपनीचा गुजरातेत साणंदला कारखाना आहे. २०२३ साली ठरलेला खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. त्यातला निम्मा केंद्र सरकारचा, २० टक्के गुजरात सरकारचा. शंभरातले सत्तर रुपये तुमचे-आमचे, आणि पाटी कंपनीची. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री कुमारस्वामी यांच्या तोंडून हिशेब निघून गेला की पाच हजार नोकऱ्यांसाठी एवढे अनुदान, म्हणजे एका नोकरीला ३ कोटी २० लाख रुपये पडतात. नंतर त्यांनी सारवासारव केली. पण भागाकार काही बदलला नाही.

हा आकडा आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. कोरडवाहू पाच एकर, एकरी पाच क्विंटल धरा. पंचवीस क्विंटलचे झाले २ लाख २ हजार ७५० रुपये. बियाणे, खत, फवारणी, वेचाई काही वजा करू नका. एका नोकरीच्या अनुदानाएवढी रक्कम हातात यायला त्या शेतकऱ्याने अंदाजे १५८ वर्षे कापूस पिकवावा लागेल. एवढे करूनही कर्जमाफीची गोष्ट निघाली की अर्थशास्त्री तिजोरीच्या काळजीने व्याकूळ होतात. कारखान्याला दिले तर प्रोत्साहन, शेतकऱ्याला दिले तर खिरापत. शब्दकोशच दोन आहेत.

आपल्या महाराष्ट्राचे पुढारी या जत्रेत मागे कसे राहतील? वेदांता-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातेत गेला. कोणी घालवला यावरून मुंबईत महिनोन्‌महिने रणकंदन झाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. ज्या लग्नाच्या वरातीवरून दोन गावांत डोकी फुटली, ते लग्नच मोडले! आणि कापसाचा आयातकर गेला तेव्हा ही रणकंदनवाली मंडळी कुठे होती?

विकायलाही फोनच

सरकार म्हणेल, बाजार पडला तरी हमीभाव आहेच, महामंडळ घेईल. २०२५ च्या हंगामात महामंडळाला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ या मोबाइल अॅपवर आधी नोंदणी करावी लागली. आधार जोडा, जमिनीचे कागद चढवा, पेऱ्याची नोंद दाखवा, मग पाळी येण्याची वाट पाहा. पुढे ओलावा आहेच. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या वर गेला की गाडी माघारी. अमेरिकेत विकला जाणारा फोन करातून सुटला, आणि इथे कापूस विकायला फोन सक्तीचा झाला. ज्याच्या घरी साधा फोन आहे किंवा गावात रेंज नाही, त्याचा कापूस पांढरा असून उपयोग काय?

यंत्राला आपला विरोध नाही. नवे तंत्र शेतकऱ्याइतके पटकन कोणी उचलत नाही. अॅप सोयीसाठी असेल तर हवेच. पण सोय आणि सक्ती यांत फरक आहे. दारातून जायचे की खिडकीतून हे घरधन्याने ठरवावे, सुताराने नव्हे.

कोणी विचारील, खुल्या बाजाराची भाषा बोलता आणि आयातकरासाठी रडता कसे? भीक म्हणून आयातकर कोणी मागत नाही. खुला बाजार म्हणता ना, मग दोन्ही बाजूंनी खुला ठेवा. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका हुकमाने बंद केली होती. भाव चढला की निर्यात बंद, आणि गिरणी अडचणीत आली की आयात मोकळी. याला खुला बाजार म्हणत नाहीत. ही लेव्हीच आहे, फक्त खळ्यावर माणूस येत नाही.

अमेरिकेतल्या कंपन्यांकडून शिकायचे असेल तर सोन्याची बैठक शिकायची नाही. तेवढे सोने आपल्याकडे नाही, आणि असते तरी ते मंगळसूत्राचे असते. शिकायचे ते साणंदच्या करारातून. किती टक्के कोण देणार हे वीट रचण्याआधी ठरते. शेतकरी मात्र जूनमध्ये सरकी टोबतो आणि ऑगस्टमध्ये नियम बदलतात. कारखानदाराला लेखी वचन आणि कोरडवाहूला पावसाळ्यातला हुकूम, हा भेद मोडला पाहिजे.

म्हणून शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्ह्याच्या बैठकीत तीन ठराव मांडावेत आणि आपापल्या खासदाराच्या हातात द्यावेत. पहिला ठराव असा की कापसाचा आयातकर आणि निर्यातीचे धोरण ३१ मेपूर्वी जाहीर करावे आणि पुढच्या ३१ मेपर्यंत त्याला हात लावू नये. दुसरा ठराव असा की परदेशी करामुळे एखाद्या धंद्याला मदत द्यायची असेल तर ती तिजोरीतून द्यावी, कापसाचा भाव पाडून नव्हे. तिसरा ठराव असा की हमीभावाच्या खरेदीसाठी अॅप असो वा नसो, सातबारा घेऊन केंद्रावर आलेल्या माणसाची नोंद तिथेच झाली पाहिजे.

खासदारसाहेब विचारतील, याला पैसा किती लागेल? त्यांना सांगा, पहिल्या आणि तिसऱ्या ठरावाला शाई लागते, आणि दुसऱ्याला लागेल तो पैसा साणंदला सापडला तिथेच सापडेल.